जाजमाखाली बसलेले सरपंच

चाकणच्या शाळेत मी सातवीच्या वर्गावर होतो. बाहेर पावसाची झिमझिम लागली होती आणि निम्मी मुलं पेंगत होती. दारात डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला एक माणूस येऊन उभा राहिला. पवनेच्या काठी ज्या गावात मी आठ-नऊ वर्षं शिक्षक होतो, तिथला तो किसन, शेळके नानांचा पुतण्या. "मास्तर, नाना गेले. पहाटंच. वाट बघत्यात तुमची..." असं म्हणाला आणि स्वतःच चपापला. "म्हंजी नाना न्हाई, बाकीची मंडळी." हेडमास्तरांना सांगून मी निघालो. एस.टी.ने कासारवाडीपर्यंत आलो, तिथून पुढे चिखल तुडवत गावाकडे. वाटेत किसनने सगळं सांगितलं. ताप नाही, दुखणं नाही. गोठ्यात धार काढायला बसले, भिंतीला टेकले ते तसेच. मला तेव्हा रडू आलं नाही. मी जरा कोरडाच माणूस आहे, असं माझी बायकोही म्हणते. चालताना मनात एवढंच येत होतं, की आता अमेरिकेच्या अध्यक्षावरून माझ्याशी भांडायला कुणी उरलं नाही.

याला आता महिना होऊन गेला. नारायण बाबूराव शेळके हे नाव वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांना ठाऊक असायचं काही कारण नाही. शे-दीडशे उंबऱ्यांच्या गावाचे ते काही वर्षं सरपंच होते आणि नंतर निवडणुकीत पडले, इतकीच त्यांची सार्वजनिक कारकीर्द. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. सरकारच्या अधिकारांना घटना कशी वेसण घालते, यावर त्यात एक धडा असतो. वर्षानुवर्षं मी तो शिकवला, मुलांनी पाठ केला आणि परीक्षा झाल्यावर विसरून टाकला. त्या धड्याचा अर्थ मला कळला तो नानांमुळे, आणि तोसुद्धा नाना त्या धड्याच्या अगदी विरुद्ध बाजूला ठाण मांडून बसले होते म्हणून.

मी गावात बदलून आलो तेव्हा पहिल्याच संध्याकाळी नाना खोलीवर आले. अंगाने आडवे, आवाज असा की पलीकडच्या आळीतली कुत्री गप्प व्हावीत. आत आले, माझी ट्रंक पाहिली, चूल पाहिली आणि म्हणाले, "हितं न्हाई ऱ्हायचं. तालमीमागची खोली कोरडी हाय. किसन, सामान उचल." मला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. खोली खरंच कोरडी होती. नानांचं सगळं असंच असायचं. करायचे ते बहुधा भल्याचंच, पण विचारत कुणालाच नसत. फाळणीनंतर पिंपरीला निर्वासितांची छावणी पडली, तेव्हा नानांनी एका सकाळी गावातल्या सगळ्या बैलगाड्या जुंपायला लावल्या आणि ज्याच्या परड्यात दिसेल त्याचा कडबा आणि लाकूडफाटा भरून छावणीवर नेऊन टाकला. ही मी यायच्या आधीची गोष्ट, पण पहिल्याच आठवड्यात तिघांनी मला ती सांगितली, आणि तिघांच्याही बोलण्यात अभिमान होता. गाडीत ज्यांचा कडबा गेला त्यांपैकी कुणाला मी विचारलं नाही. शाळेचं छप्पर, स्टेशनाकडे जाणारी वाट, मारुतीच्या देवळातली फरशी, सगळं त्या एका आवाजाच्या जोरावर झालेलं. गावाला असा माणूस आवडतो. खरं सांगायचं तर मलाही आवडायचा.

पुण्याचं वर्तमानपत्र सकाळच्या गाडीने चिंचवडच्या स्टेशनावर येई, दूध घालायला गेलेल्या कुणाबरोबर तरी दुपारी गावात पोचे, आणि संध्याकाळी तालमीच्या ओट्यावर मी ते मोठ्याने वाचत असे. आधी कुस्त्यांचे निकाल, मग बाजारभाव, मग जग. आपल्या पहिल्या निवडणुका नुकत्याच पार पडल्या होत्या, त्यामुळे राजकारणाची सगळ्यांना नवी नवी गोडी होती. त्या उन्हाळ्यात अमेरिकेची एक बातमी आली. कोरियात लढाई चाललेली, आणि तिकडच्या पोलादाच्या कारखान्यांतले मजूर संपावर निघालेले. पोलाद नाही तर तोफा नाहीत. म्हणून अध्यक्षांनी संप व्हायच्या आत देशातले बहुतेक सगळे पोलादाचे कारखाने एका हुकमाने सरकारच्या ताब्यात घेतले. मालक कोर्टात गेले.

ही बातमी आमच्या ओट्यावर इतकी का रंगली ते मला आजही नीट सांगता येणार नाही. गावात तोवर पोलादाचं म्हणावं असं काही असेल तर ते धोंडिबाचं ऑइल इंजिन. धोंडिबाचं शेत गाव आणि नदी यांच्या मधोमध, त्यात त्याची विहीर, आणि विहिरीवर हे इंजिन. पंचक्रोशीतलं पहिलं. माणूस हेकट, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, पण वर्तमानपत्र ऐकायला मात्र न चुकता यायचा. ऐकताक्षणी नाना अध्यक्षांच्या बाजूला गेले आणि धोंडिबा मालकांच्या. "लढाई चालू हाय आन् कारखानं बंद ठिवायचं? अध्यक्षानं बराबर केलं," नाना म्हणाले. धोंडिबाचं म्हणणं आखूड होतं. "कारखाना ज्याचा, कुलूप त्याचं." मग रोज तेच. मी पान उघडलं की दोन्ही बाजूंचे गडी मांड्या सावरून बसत. मे महिना असा गेला, आणि जूनमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तो अध्यक्षांच्या विरुद्ध. नऊ न्यायाधीशांपैकी सहा विरुद्ध, आणि त्यांतले काही तर खुद्द त्याच अध्यक्षाने नेमलेले. असा अधिकार कायदेमंडळाने दिलेला नाही आणि लढाई चालू आहे म्हणून तो आपोआप मिळत नाही, असा एकूण मथितार्थ. मी वाचून संपवलं तशी धोंडिबाने मांडीवर थाप मारली. "पाठ लागली!"

आता कुस्तीत ज्याची पाठ लागते तो आखाड्यातून बाहेर जातो, त्यामुळे अध्यक्ष आता घरी जाणार याबद्दल ओट्यावर कुणालाच शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पान उघडायच्या आतच प्रश्न आला, "गेला का?" मी सांगितलं, गेला नाही. त्याने कारखाने त्याच दिवशी मालकांना परत दिले, मजूर संपावर गेले, आणि अध्यक्ष जागच्या जागी आहे. लोक बुचकळ्यात पडले. नाना पुढे सरकून बसले. "मास्तर, पलटण कुणाची?"

"अध्यक्षांचीच."

"कारखान्यात मानसं कुणाची बसली हुती?"

"त्यांचीच."

"आन् कोर्टाकडं काय हाय?"

"काही नाही. निकालाचा कागद."

"मग त्यानं आईकलं कशापायी?"

मी घटना, शपथ, परंपरा असं बरंच काही सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखूची पिंक टाकली आणि म्हणाले, "हे पुस्तकातलं झालं." पुढे कित्येक महिने त्यांनी हा प्रश्न सोडला नाही. स्टेशनाच्या वाटेवर, शाळेच्या तपासणीच्या दिवशी, एकदा तर लग्नाच्या पंगतीत पहिला भात आणि दुसरा भात यांच्या मध्ये ते माझ्याकडे वाकले आणि कानात म्हणाले, "पर आईकलं कशापायी?" लोकांना वाटलं, वाढणाऱ्यांबद्दल काही तक्रार आहे.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. पुढचा उन्हाळा आला तसा गावच्या आडाचा तळ दिसू लागला. नदीत धार उरली नाही, खाली लांबवर एका डोहात तेवढं हिरवट पाणी. बायका पहाटेपासून डोहाच्या वाटेला लागत. आणि मधे धोंडिबाची विहीर, त्यावर इंजिन धडधडतंय आणि पाणी उसाला जातंय. नानांनी निरोप धाडले, धोंडिबाने उत्तर दिलं नाही. मामलेदाराचा हुकूम आणायची वाट होती, पण तो येईपर्यंत उन्हाळा सरला असता. पंचायतीची बैठक बोलवायचीही वाट होती, तीही नानांनी घेतली नाही. एका सकाळी कोतवालाने दवंडी दिली, तालमीतले चार गडी शेतात शिरले, इंजिनाच्या छपराला पंचायतीचं कुलूप पडलं आणि किल्ली नानांच्या करगोट्याला आली. दिवसातून दोनदा नानांच्या माणसांनी इंजिन चालवायचं, पाणी गावाच्या हौदात घ्यायचं. गावात सणासारखा आनंद झाला. मीही दोन हंडे भरून आणले आणि बऱ्याच दिवसांनी अंगावरून भरपूर पाणी घेतलं.

त्या संध्याकाळी धोंडिबा नेहमीसारखा ओट्यावर आला. तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पान वाचून संपल्यावर म्हणाला, "मास्तर, त्ये अमेरिकेचं सांगा की पुन्यांदा." सगळे नानांकडे बघायला लागले. मी शिक्षक माणूस. धडा सांग म्हटलं की सांगायचा, एवढंच मला येतं. मी सगळं सांगितलं, कारखाने घेतल्यापासून परत दिल्यापर्यंत. नानांचा चेहरा तांबडा झाला होता. "ही अमेरिका न्हाई, धोंडिबा."

"न्हाई तर. पर तुमी बी तिथले अध्यक्ष न्हाई. पंच बसवा, नाना. सगळे तुमचेच हायेत. त्यांनी म्हनावं कुलूप ऱ्हाऊ द्या, मी पुन्यांदा तोंड उघडनार न्हाई."

पंच खरोखरच नानांचे होते. नानांनी उभे केलेले, नानांनी निवडून आणलेले, आणि त्यांत वडीलधारे यशवंतराव तर नानांचे व्याही. नाना हसले आणि लगेच हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात जाजम अंथरलं गेलं. आमच्याकडची रीत अशी की पंच जाजमावर बसतात आणि ज्यांचा तंटा असेल ते जाजमाखाली फरशीवर. नाना आले, चपला काढल्या आणि सवयीने जाजमाच्या मधोमध आपल्या जागेवर जाऊन बसले. शेवटी यशवंतराव खाकरले. "व्याही, आज खाली." नानांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते उठले, आणि त्यांनीच बसवलेल्या त्या फरशीवर धोंडिबाशेजारी जाऊन बसले. इतकी वर्षं मी त्या माणसाला पाहत होतो, पण ते एवढे लहान दिसलेले तेव्हाच पाहिले.

पंच बराच वेळ बोलले. गावाला पाणी पाहिजे याबद्दल वाद नव्हता. नाना स्वतःसाठी थेंबही जास्त घेत नव्हते, तेही सगळ्यांना माहीत होतं. पंचांतला एक जण शेवटपर्यंत म्हणत राहिला की तहान लागल्यावर कायदा काय चाटायचाय. बाकीच्यांचं मन शेवटी यशवंतरावांनी बोलून दाखवलं. "पानी गावाला पायजे ह्ये खरं. पर इंजन सरपंचाचं न्हाई आन् पंचायतीचं बी न्हाई. आमाला इचारलं न्हाई, मामलेदाराला इचारलं न्हाई. आज धोंडिबाचं इंजन, उद्या कुनाची गाय, परवा कुनाचं घर. कुलूप काडा, नाना." देवळाबाहेर रिकामे हंडे घेऊन बायका उभ्या होत्या. तालमीतले गडी पायऱ्यांवर होते, त्यांतला एक ओरडला, "नाना, उठू नका! कोन कुलूप काडाय येतंय बगतोच आमी!" आणि ते खरं होतं. कोण जाणार होतं? यशवंतराव सत्तरीचे, धोंडिबा एकटा. किल्ली नानांच्या कमरेला, गडी नानांचे, आणि बाहेर उभं असलेलं सगळं तहानलेलं गावही नानांचंच. मी खांबाला टेकून उभा होतो. वर्षभर जो प्रश्न ते मला विचारत होते तो आता फरशीवर त्यांच्यापुढेच येऊन बसला होता...

नाना उठले. गड्यांच्या मधून, बायकांच्या मधून चालत निघाले. हंडा घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना काकी म्हणत असू, भर लोकांत विचारलं, "आता घरी पानी कुटनं आनू ते बी पंचांनाच इचारू का?" नानांनी मान वर केली नाही. शेतावर जाऊन त्यांनी कुलूप काढलं आणि परत येऊन ते देवळात जाजमावर ठेवलं. संध्याकाळी हौदात पाणी आलं नाही.

यानंतर सगळं गोड झालं असतं तर लिहायला बरं पडलं असतं. धोंडिबाने लगेच काही पाणी दिलं नाही. गाव नानांच्या नावाने बोटं मोडू लागलं, आणि काल ज्यांनी जयजयकार केला होता ते जास्तच. नाना स्वतः कावड घेऊन डोहावर जाऊ लागले. जनावरांना पुरेना तेव्हा त्यांनी आपली खिल्लारी जोडी चाकणच्या बाजारात नेऊन विकली. ती जोडी त्यांनी वासरं असल्यापासून वाढवलेली होती. त्या दिवशी ते ओट्यावर आले नाहीत, आणि मी वर्तमानपत्र वाचलं ते कुणी नीट ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

दोन-तीन दिवसांनी मला म्हणाले, "चला मास्तर, जरा फिरून येऊ." आम्ही धोंडिबाच्या शेतापाशी आलो. त्या शेतात नाना आजवर हजारदा शिरले असतील. त्या दिवशी ते बांधाशी थांबले आणि आतल्या माणसाला हाक मारली, "धोंडिबा, येऊ का?" धोंडिबा इंजिनाशी पाना घेऊन बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. पाना फिरवतच राहिला. ऊन मी म्हणत होतं, नाना बांधाबाहेर उभे, आणि त्यांच्या बरोबर मी. मला वाटलं, हे आता खवळतील आणि उलटे फिरतील. ते हलले नाहीत. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "या की. कुनी अडवलंय?" नाना आत गेले, उकिडवे बसले आणि म्हणाले, "पानी दे, धोंडिबा. गावासाठी मागतोय." मागणं त्यांना येत नव्हतं, शब्द हुकमासारखेच आले, फक्त आवाज खाली. धोंडिबा म्हणाला, "सकाळचं घ्या. दुपारनं माझ्या उसाला." अर्धंच पाणी मिळालं. नाना "बरं" म्हणाले. पाऊस पडेपर्यंत गावाने त्या अर्ध्यावर दिवस काढले.

पुढच्या निवडणुकीत नाना पडले. ज्याने हातातलं पाणी सोडलं त्याला कशाला निवडायचं, असा सरळ हिशोब होता. पायऱ्यांवरून ओरडणारा तो गडीच सरपंच झाला. त्याच्याबद्दल मी काही लिहीत नाही. तो वर्तमानपत्र वाचतो. निकालानंतर एका संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघेच होतो, तेव्हा मी नानांना त्यांचाच प्रश्न विचारला. तुम्ही का ऐकलंत? ते म्हणाले, "माझ्या मागनं जो सरपंच हुईल तो बराच असंल कशावरनं? मीच पंचांचं आईकलं न्हाई, तर त्याला कोन आईकाय लावनार?" मी म्हटलं, अमेरिकेच्या अध्यक्षाच्या मनातही हेच असेल का? "त्ये त्याला इचारा," नाना म्हणाले. त्या अध्यक्षाचं चुकलं असं त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. लढाई होती, म्हणायचे, कारखाने घ्यायलाच पाहिजे होते. आणि परत दिले ते? तेही द्यायलाच पाहिजे होते. या दोन वाक्यांचा मेळ कसा घालायचा ते मी त्यांना विचारी, आणि मग आमचं भांडण जुंपे. वर्षानुवर्षं आम्ही यावर भांडलो. मला त्याची फार आठवण येते.

मात्र एक सवय त्यांना त्या उन्हाळ्यात लागली ती कायमची. नदीकडे जायची जवळची वाट धोंडिबाच्या शेतातून. रोज सकाळी त्या वाटेने जाताना नाना बांधाशी थांबायचे आणि हाक द्यायचे, "धोंडिबा, येऊ का?" आतून ठरलेलं उत्तर यायचं, "या की. कुनी अडवलंय?" आवाजात गोडवा बिलकूल नसायचा. यापलीकडे त्या दोघांत फारसं बोलणंही नव्हतं. धोंडिबा शेतात नसला तर नाना लांबच्या गाडीवाटेने जायचे.

मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. गाडीवाट पावसाने पार चिखलात गेलेली, म्हणून मंडळी शेताच्या वाटेने नदीकडे निघाली. पुढचा खांदा धोंडिबाचा होता. तो कुणी त्याला दिला नव्हता, त्यानेच घेतला होता. बांधापाशी आलो आणि सगळे थांबले. थांबा असं कुणी म्हणालं नाही. गावाचे पायच तिथे अडले. पाऊस तिरडीवर पडत होता, खाली डोकं करून सगळे उभे, आणि हाक मारणारा तर वर निजलेला. धोंडिबाने खांद्यावरचा बांबू नीट केला. "या की, नाना," तो म्हणाला, "कुनी अडवलंय?" आणि आपल्याच शेताच्या बांधावर पाय देऊन तो आत शिरला.